रेषेबाहेर अर्धा इंच

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

द्वारकेच्या थेरपी सेंटरमध्ये आज बायकोला, मंजुषाला, घरी सराव करायचे कागद मिळाले. ते पाहून माझं डोकंच फिरलं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही पुन्हा झेरॉक्स. डाव्या कडेला काळा पट्टा, चित्रं तिरकी, आणि एका पानावर शाई इतकी पुसट की मांजर आहे की उशी ते मलाच कळेना. मी नोकरीभर नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये छापलेले कागद तपासले. आत काय चालायचं ते कधी घरात बोललो नाही आणि इथेही लिहिणार नाही. पण असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर लाल शेरा मारून परत गेला असता, आणि पाठवणाऱ्याला दोन शब्द ऐकायला मिळाले असते.

बरं, चित्रं तरी कसली? एक पाव भाजायचं यंत्र. एक परदेशी टपालपेटी, खांबावर उभी. एक बर्फाचा माणूस, नाकाच्या जागी गाजर. योगिनी मॅडमनी विचारलं, "काकू, हे काय आहे?" मंजुषाने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी लगेच सांगितलं, "बर्फाचा माणूस गं." तिने कागद पालथा केला.

ऑगस्टमध्ये तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा पाय आता बराच सुधारला आहे. उजवा हात अर्धामुर्धा चालतो. बोलणं मात्र गेलं. तिला कळतं सगळं, पण तोंडापर्यंत आलेला शब्द बाहेर पडत नाही. "हो", "नको" आणि "बरं", एवढंच येतं. बोलण्यासाठी योगिनी मॅडम, हातासाठी अमित सर. दोघंही मुलं चांगली आहेत. पहिले काही महिने फार महत्त्वाचे, असं दोघं सांगतात.

ही बाई पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवायची. दुपारभर तिचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा. आता दाराला कुलूप आहे. ज्या बाईला बोलता येत नाही आणि कात्री धरता येत नाही, तिने शिकवायचं कसं? पण ते पुढचं पुढे. आधी तिला बोलती करायची.

मी मॅडमना सांगून आलो, "हे कागद मी करून देतो. आपल्या घरातल्या वस्तूंचे, मराठीत, आणि माणसाने बघावेत असे." त्या म्हणाल्या, "करा ना काका, मराठीत खरंच फार काही मिळत नाही."

सायलीने फोनवर बजावलं आहे, "बाबा, आईचं रोज थोडं लिहून ठेवा." म्हणून बँकेने फुकट दिलेली ही डायरी काढली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कामाला लागलो. परात, पोळपाट, खलबत्ता, झारा, चिमटा, बादली, मोरी, देवघरातली समई, आमची जुनी सायकल. प्रत्येकाखाली पांढरी चादर धरून मोबाईलवर फोटो काढले. सायली पुण्याहून ते कॉम्प्युटरवर साफ करून पाठवते. पहिल्या वेळी खलबत्त्याची सावली राहिली होती. परत पाठवला. ती म्हणाली, "बाबा, ही नोट नाहीये." मी म्हणालो, "आईसाठी आहे, म्हणजे नोटेपेक्षा वर." पोरीने सावली काढून फोटो पाठवला.

प्रिंटर नवा घेतला, टाकीवाला. कागद जाड. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा मी ते उजेडात धरून चारही कोपरे पाहिले. सुरेख. असं पान अख्ख्या नाशकात कुठल्या दवाखान्यात मिळणार नाही, हे मी लिहून देतो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जागेचा प्रश्न सुटला. प्रिंटर, कागदांचे गठ्ठे, कटर, हे सगळं बैठकीत मांडून ठेवणं बरं दिसत नव्हतं. क्लासची खोली रिकामीच पडली होती. शेजारच्या वाल्मीकला हाताशी घेऊन दोन्ही शिलाई मशिनं भिंतीला लावली, वरून चादरी टाकल्या. कापड बेतायचं मोठं टेबल होतं ते खिडकीशी ओढून त्यावर प्रिंटर ठेवला. काय टेबल आहे! माझ्या उंचीला अगदी बरोबर. तिची मोठी कात्री कपाटात वर ठेवली, चुकून हातात यायला नको.

संध्याकाळी मंजुषाला हाताला धरून खोली दाखवायला नेलं. ती दारातच थांबली. प्रिंटरकडे पाहिलं, मशिनांवरच्या चादरींकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतकी मेहनत घेतो आहे ते तिला पोचलं. मलाही भरून आलं. मी म्हटलं, "अगं, एवढं काय, तुझ्यासाठीच तर आहे." ती "नको, नको" म्हणत राहिली. आभाराचं तिला पहिल्यापासून आवडत नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

डाव्या हाताने ओवाळलं. निरांजन हललं, पण पडलं नाही. उजव्या हाताची बोटं तिने ताटाच्या कडेखाली टेकवून धरली होती. मी पाहिलं ते.

ओवाळून झाल्यावर मी पाकीट पुढे केलं. तिने घेतलं नाही. पुढच्या खोलीकडे बोट केलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणली होती. मला बघवेना. मी म्हटलं, "साडी हवी? नव्या पडद्याचं म्हणतेस? प्रिंटरला हळदकुंकू लावायचं राहिलं, ते?" तिने डोळे मिटून घेतले. मग "बरं" म्हणाली. मी जाऊन प्रिंटरला हळदकुंकू लावून आलो.

दुपारी रोशनी आली होती फराळाला. हरसूलची मुलगी, इथे हॉस्टेलवर राहते, मंजुषाच्या क्लासमधली हुशार पोरगी. दारातूनच विचारते, "काका, क्लास कवा चालू व्हईल? दुसऱ्या क्लासला जा सांगत्यात, पन मी नाय जानार. मावशींकडंच शिकनार." मी म्हणालो, "बाळा, मावशींना आधी बरं होऊ दे." मंजुषा रोशनीकडे एकटक पाहत होती. चकलीचा तुकडा हातात तसाच राहिला होता.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज माझा दिवस होता! योगिनी मॅडमनी माझी वर्कशीट दुसऱ्या पेशंटना वापरून पाहिली. पेठ तालुक्यातले एक आजोबा आहेत, त्यांना टपालपेटीवर काही सुचत नव्हतं. माझा चिमटा दाखवताच आजोबा म्हणाले, "चिमटा. चुलीपाशी." मॅडम सांगत होत्या तेव्हा माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. त्यांना अजून पन्नास पानं हवी आहेत. भाज्या, शेतीची अवजारं, बाजार, एसटी स्टँड. कागदाचे पैसे देऊ करत होत्या, मी घेतले नाहीत. म्हटलं, खाली कोपऱ्यात "तपासले" एवढं बारीक छापू द्या, बास.

परतताना रिक्षात मंजुषाला म्हणालो, "बघ, तुझा नवरा रिटायर होऊन पुन्हा कामाला लागला." तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. हसली, पण मान बाहेर वळवून.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. मंजुषाला सेंटरमध्ये जास्त शब्द येतात आणि घरी कमी. कागद तेच, चित्रं तीच. परवा मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो. दहा मिनिटांनी आलो तर मॅडम म्हणतात, "काका, काकूंनी 'परात' म्हटलं, 'समई' म्हटलं, आणि झाऱ्याला हाताने तळण्याची खूण करून 'झारा' म्हटलं." मी लगेच बसून झारा पुन्हा दाखवला. एक नाही, दोन नाही. मी म्हटलं, "झा... झा... झारा."

घरी मी तिला भरपूर मदत करतो. पहिलं अक्षर सांगतो. नाही आलं तर दुसरं सांगतो. तरी नाही आलं तर शब्दच सांगून टाकतो, उगाच तिला ताण कशाला. योगिनी मॅडम म्हणतात, "काका, थोडं थांबत जा." आता यापेक्षा किती थांबायचं? मी मनात तीनपर्यंत मोजतो.

माझ्या मते फरक उजेडाचा आहे. सेंटरमध्ये ट्यूबलाईट पांढरी आहे, आपल्याकडे पिवळा बल्ब. उद्या बदलतो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बल्ब बदलला. फरक नाही.

अमित सरांनी आजपासून कात्री दिली. छोटी, स्प्रिंगवाली, दाबून सोडली की आपोआप उघडते. मंजुषाने ती हातात घेऊन अशी पाहिली जशी ती बाजारात शिळी मेथी पाहते. सोबत कापायच्या रेषांचा कागद. सरळ रेषा, नागमोडी, गोल, कोन. "रेषेवरून कापा." कागद अर्थातच घाण होता. मी घरी येऊन नव्याने काढला, रेषा अशी रेखीव की ब्लेड लावावं.

मला वाटलं होतं कात्री हातात आली की ती खुलेल. झालंही तसंच. बोटं थरथरत होती तरी थांबली नाही, जीभ दातांत धरून कापत राहिली. ब्लाऊज बेतताना तिची जीभ अशीच असायची. मी समोर बसून पाहत होतो. किती दिवसांनी तिचा चेहरा तसा दिसला.

पण मग कापलेलं हातात घेऊन पाहिलं. रेषेवर एक इंचसुद्धा नाही. सगळं रेषेच्या बाहेरून.

४ डिसेंबर, बुधवार

रोज कापते आहे. आता हात पुष्कळ स्थिर झाला आहे, वळणं गोल येतात. पण रेषेवर नाही. सरळ रेषेच्या बाहेरून सरळ. गोलाच्या बाहेरून मोठा गोल. कोनाच्या बाहेरून कोन. मी रेषा जाड केली. तरी बाहेर. लाल केली. तरी बाहेर. शेवटी मी तिचं मनगट धरून रेषेवर आणलं आणि म्हटलं, "इथून, मंजू, इथून. दिसतंय ना?" तिने माझा हात झटकला आणि पुन्हा बाहेरून कापलं. वर माझ्याकडे असं पाहिलं की चूक माझीच.

मी चुकलेल्या ठिकाणी लाल पेनने खुणा करत गेलो. सगळ्या खुणा एकाच बाजूला, एकसारख्या. आमच्या कामात एक गोष्ट पक्की होती. वेडीवाकडी चूक माणसाची, पण प्रत्येक पानावर तीच चूक तशीच आली की मशिनमध्ये बिघाड. मग मशिन बंद करून उघडावं लागतं.

तिच्या डोक्यात काहीतरी बिघडलं आहे. डोळ्यांना रेषा एका जागी दिसते आणि हात दुसरीकडे जातो, असं काहीतरी. मग ती कापड कसं बेतणार? क्लास कसा उघडणार? सायलीला सांगितलेलं नाही. आठवड्याने अमित सर तपासणी घेणार आहेत, तेव्हा काय ते कळेलच.

८ डिसेंबर, रविवार

रोशनी आली होती. मंजुषाने तिला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं, मशिनवरची चादर उचलून दाखवली, मग सोडली. दोघी तिथे बराच वेळ उभ्या होत्या. मी छपाई करत होतो, म्हणून मध्ये बोललो नाही. रोशनी जाताना मला म्हणाली, "काका, मावशींना लय बोलायचं हाय." मी म्हटलं, "त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललंय, बाळा." बाजाराचं पान तिला दाखवलं. हरसूलच्या आठवडी बाजाराचा फोटो तिनेच मागे काढून पाठवला होता. ती म्हणाली, "मस्तय." पण तिचं लक्ष नव्हतं.

आज छापलेली पानं पुन्हा तपासली. रंग ठीक आहेत. माझंच कशात मन नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

नीट क्रमाने लिहितो. आजचं काही सुटता कामा नये.

तपासणीला अमित सर आणि योगिनी मॅडम दोघंही बसले होते. मी मंजुषाने घरी कापलेले सगळे कागद फाईलमध्ये लावून नेले होते, तारखेनुसार, लाल खुणांसकट. अमित सरांनी एकेक पान पाहिलं. हाताची पकड सुधारली म्हणाले, थरथर कमी झाली म्हणाले. मग विचारलं, "काकू, पण तुम्ही रेषेवरून का नाही कापत?"

मंजुषाने श्वास घेतला. मला दिसलं की तिला काही म्हणायचं आहे आणि ते येणार नाही. माझ्याने तिची फजिती पाहवेना. मी म्हणालो, "सर, तिची नजर कमजोर झालीय. रेषा दिसते, पण हात बाहेर जातो. मी जाड रेषा करून पाहिली, लाल करून पाहिली. मला वाटतं मेंदूतच..."

"गप्प बसा."

आवाज घोगरा होता, पण स्वच्छ. मी आधी योगिनी मॅडमकडे पाहिलं, मला वाटलं त्याच बोलल्या.

मंजुषा माझ्याकडे पाहत होती. "तुम्ही," ती म्हणाली. थांबली. "तुम्ही गप्प. मी... सांगते."

मग तिने फाईलमधून कापलेले दोन तुकडे काढले. ते एकावर एक ठेवले, कडेला कडा जुळवली, आणि छापलेल्या रेषेवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं. मशिनची सुई जाते तसं, टक टक करत. "इथं शिलाई," ती म्हणाली. मग रेषेच्या बाहेरची पट्टी चिमटीत धरली. "हे... मार्जिन." मग अमित सरांना, अगदी क्लासमधल्या मुलीला विचारावं तसं, "रेषेवर कापलं. मग शिवणार... कुठं?"

अमित सरांनी टेबलावरची पट्टी उचलली आणि रेषेपासून कडेपर्यंत माप घेतलं. अर्धा इंच. दुसऱ्या जागी घेतलं. अर्धा इंच. गोलावर घेतलं. अर्धा इंच. मी उठून त्यांच्या हातातून पट्टी घेतली आणि स्वतः मोजलं. पहिल्या दिवसाचे कागद वेडेवाकडे होते. पण पुढच्या पानापानांवर, सरळ, नागमोडी, गोल, कोन, सगळीकडे अर्धा इंच. आजारी हाताने, त्या खेळण्यातल्या कात्रीने. माझ्या उभ्या नोकरीत मी इतकं एकसारखं काम फार थोडं पाहिलं. आणि त्यावर लाल पेनाने कोण खुणा करत बसलं होतं? हा तपासनीस!

योगिनी मॅडम मंजुषाचा हात धरून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मंजुषा त्यांना म्हणाली, "मॅडम, चहा." मॅडमना वाटलं तिला चहा हवा. तिने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना." मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि पॅसेजमध्ये उभा राहून रडलो. सांगायला लाज कसली.

निघताना मॅडम म्हणाल्या, "काका, आज काकू का बोलल्या माहितीय? तुम्हाला थांबवायचं होतं म्हणून." मला ते पूर्ण पटलेलं नाही. पण बोलली, हे महत्त्वाचं. कारण काहीही असो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काल राहिलं ते लिहितो. येताना रिक्षावाल्याला सांगितलं की माझी बायको आज माझ्यावर ओरडली. तो म्हणाला, "काका, आमच्याकडं रोजचंच हाय." मी म्हटलं, "तुमचं नशीब थोर." वाल्मीकला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, सायलीला तर फोनवर दोनदा सांगितलं. सायली म्हणाली, "आई ओरडली? तुमच्यावर? बाबा, आईला फोन द्या." मंजुषाने फोन घेतला आणि दार लावून घेतलं. आतून सायलीचं हसणं ऐकू येत होतं, मधूनच मंजुषाचा एखादा शब्द.

२९ डिसेंबर, रविवार

गेले पंधरा दिवस छपाईचं काम उलटं चाललं आहे. मंजुषा आकृत्या काढते, मी छापतो. गळा, बाही, पाठ, कुर्त्याच्या बाजूची चीर. प्रत्येकावर दोन रेषा, आतली शिलाईची आणि बाहेरची कापायची. बाहेरची रेषा मी जरा जाड केली तर तिने पान परत केलं. "बारीक," म्हणाली. मी बारीक केली. ती म्हणाली, "अजून." माझ्या छपाईत कोणी खोट काढली नव्हती इतकी वर्षं! पुन्हा छापलं. पान उजेडात धरून तिने चारही कोपरे पाहिले आणि मान हलवली. मला मेडल मिळाल्यासारखं झालं.

अमित सरांनी हीच पानं सेंटरमधल्या दोन बायकांना दिली. शिवणकामाची माणसं आहेत त्यांना हेच द्यायला हवं, म्हणाले. सेंटरच्या कपाटावर आता एक वेगळा खण आहे आणि त्यावर मंजुषाचं नाव आहे. माझं नाही, तिचं. मी त्याचा फोटो काढला.

दुपारी जेवताना ती एकदम म्हणाली, "टेबल."

मी म्हटलं, "कुठलं टेबल?"

"माझं."

मी दुसरा प्रश्न विचारला नाही. वाल्मीकला बोलावलं. प्रिंटर गॅलरीत गेला, कागद पलंगाखाली, कटर माळ्यावर. टेबल खोलीच्या मधोमध आलं. मशिनांवरच्या चादरी तिने स्वतः काढल्या, घडी घातल्या. मग कपाटाकडे बोट केलं. मी वरून मोठी कात्री काढून दिली. तिने उजव्या हातात घेतली. जड होती, खाली झुकली. डाव्या हाताने आधार देऊन वर केली आणि हवेतच एकदा उघडून मिटवली.

गॅलरीत थंडी आहे आणि प्रिंटरवर धूळ बसते. पण तेही चालेल.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. संक्रांत

बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. मी सवयीने दारात उभा राहून सगळ्यांना तिची तब्येत सांगायला लागलो. तिने माझा शर्ट मागून ओढला. मी आत गेलो. मग एकेकीला ती स्वतः, हळूहळू, मध्ये थांबत, "तीळगूळ घ्या" म्हणत राहिली. काहींना घाई होती, त्या मध्येच "गोड बोला" म्हणून पुढे सरकल्या. रोशनी मात्र हात पुढे करून उभी राहिली, सगळं ऐकून घेतलं आणि मगच तीळगूळ घेतला. मग म्हणाली, "मावशी, फेब्रुवारीला येऊ का आमी?"

मंजुषा म्हणाली, "या."

मला कोणी काही विचारलं नव्हतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज क्लास उघडला.

सकाळीच खोली झाडून घेतली. गळ्याचं आणि पाठीचं पान मी मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावलं. चारही बाजूंनी सारखं अंतर सोडून लावलं, त्यात खोट नाही. मुली आल्या. रोशनी, तिच्याबरोबर हॉस्टेलच्या दोघी, आणि जेलरोडच्या दोन नव्या. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत होतो, काही लागलं तर असावं म्हणून. मंजुषाने दाराकडे हात केला. "बाहेर."

मी गॅलरीत येऊन प्रिंटरपाशी बसलो. मध्ये फक्त पडदा, सगळं ऐकू येत होतं.

आधी वह्या उघडल्याचे आवाज. मग तिचा आवाज. "आज ब्लाऊज. पुढचा... भाग." खडूचा आवाज. "हा गळा. हा खांदा. आणि खांद्याखाली..."

थांबली.

बाही जिथे जोडतात त्या गोलाईचा तो शब्द मला माहीत होता. ज्या माणसाने या भिंतीपलीकडे बसून तिचा क्लास इतकी वर्षं ऐकला आहे त्याला तो माहीत नसेल कसा? शब्द माझ्या जिभेवर होता. मी खुर्चीतून अर्धा उठलो. आत नव्या मुलींपैकी कोणीतरी म्हणालं, "मावशी, कंबर का?"

"नाही," मंजुषा म्हणाली. "थांब. येतोय."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, त्याला गप्प करावंसं वाटलं. मी तोंडावर हात धरला, खरंच धरला, लहान मुलाने धरावा तसा. तीनपर्यंत मोजून झालं आणि पुन्हा मोजायला घेतलं, मग मोजणंच सुटलं. आत पंखा फिरत होता.

"मुंढा," मंजुषा म्हणाली.

मुलींची पेनं वह्यांवर चालायला लागली. तिने पुढचं सांगायला घेतलं, "मुंढा नीट, तर... बाही नीट," आणि क्लास सुरू झाला.

मी खुर्चीत बसून राहिलो. हात अजून तोंडावरच होता. तो शब्द तिचा तिने शोधून आणला. मी घरातच होतो, आणि मी सांगितला नव्हता.